डाव्या सीटचा ब्रेक

मिरजोळे, १२ जुलै १९९८

भिकाजी,

जय भीम. आईच्या पुण्यानुमोदनाला आलास, शेवटच्या ओळीत बसलास, आणि लोक जेवायला उठले तसा मागच्या मागे निघून गेलास. तुझी शालनवहिनी ताट वाढून तुला शोधत होती. मंडणगडच्या एस.टी.त चढताना तुला कोणीतरी बघितलं म्हणे. बायकोच्या माहेरी जाऊन राहायचं ठरवलंस, राहा. पण आईच्या दिवशी भावाच्या घरचे दोन घास खाल्ले असतेस तर तुझा गळा काही बसला नसता.

मी लेखी बोलतोय, कारण तोंडी बोललो तर शिव्या येतील. जयंतीच्या दिवशी तू सगळ्या वाडीसमोर म्हणालास, "दादा, तुला ब्रेकची भीती नाय. तुला माज्या पायाचा भरवसा नाय." ते वाक्य तेव्हापासून माझ्या कानात बसलंय. म्हणून एकदा सगळं नीट सांगतो, मग तुला काय ते ठरवायचं ते ठरव.

आपल्या अण्णांच्या भीमगीतांच्या जलशाला गाडी हवी म्हणून आपण दोघांनी तो लष्कराच्या लिलावातला ट्रक आणला. शेडमध्ये मी त्याची चासी कापून लांब केली. दोन्ही फाळके उघडले की रंगमंच, मागे जनरेटर, टपावर कर्णे, पुढे पत्र्याची विहाराची कमान. गाडी उंच दिसली पाहिजे म्हणून तू हट्ट धरलास आणि आपण टायरही मोठे टाकले. सगळं वाढलं, फक्त ब्रेक होते तेच राहिले. मोठं चाक थांबवायला जास्त जोर लागतो हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

त्यात आपली रीत. माळनाक्याचा उतार लागला की ताशे बंद, जनरेटर बंद आणि इंजिनही बंद. गाडी आपली आपण हळूहळू जयस्तंभाकडे उतरणार, तू स्टिअरिंगवर बसून दाराला बांधलेल्या माईकवर अण्णांचं गाणं म्हणणार आणि पुढे चालणाऱ्या बाया ते उचलून धरणार. माईकला तेवढी एक बॅटरी पुरायची. अख्खी रत्नागिरी त्या उतारासाठी थांबलेली असते, मला ठाऊक नाही का? मीही त्यासाठीच वर्षभर वेल्डिंगचा धूर खातो. पण आपले ब्रेक व्हॅक्यूमचे. इंजिन चालू तोवर पायाला मदत, इंजिन बंद केलं की एकदोनदा साथ देतात आणि मग पेडल लाकडासारखं होतं.

सत्त्याण्णव साली गाडी बायांच्या रांगेपासून हातभर अंतरावर थांबली होती. तू म्हणालास, "थांबली ना?" थांबली, बाबा. पण यंदा आई वर खुर्चीत बसणार होती, आणि अर्ध्या वाडीची पोरं तिच्या आजूबाजूला. म्हणून मी आदल्या दिवशी मागची चाकं उघडली आणि ब्रेकचे लायनर काढून घरी आणले. सांगून कोणी ऐकलं नसतं.

गाडी गेली नाही. मंडळाने भाड्याचा टेम्पो आणला, त्यावर कॅसेट वाजली. आई ओट्यावर बसून आपल्या गाडीकडे बघत राहिली, मला एका शब्दाने बोलली नाही. पाऊस लागल्यावर गेलीच. मी बरोबर होतो, भिकाजी. आजही म्हणतो, बरोबर होतो. आणि आई ते गाणं न ऐकता गेली हेही तितकंच खरं. या दोन गोष्टी मला एका जागी ठेवता येत नाहीत.

तुझा दादा
सहदेव


मिरजोळे, ९ डिसेंबर १९९८

भिकाजी,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. सहा तारखेला दादरला गेलो होतो. रांगेत उभा होतो तरी डोळे सगळीकडे फिरत होते, कुठल्या तरी कोपऱ्यात तुझी पार्टी गात असेल म्हणून. एका कोपऱ्यात तसाच आवाज आला, गर्दी कापत गेलो तर कोणी नाशिककडचा निघाला. चांगला गात होता, पण आपल्यासारखा नाही. शालनला सांगितलं तर म्हणाली, "मग तुमी अभिवादनाला गेलावतात का भावाला बघायला?" मी म्हटलं, दोन्हीला.

आता कामाचं. गाडीला नवे ब्रेक टाकायचे ठरवलंय आणि कुठले ते ठरत नाही. शेडमध्ये येणारा जाणारा प्रत्येक जण सल्ला देऊन जातो. शेजारच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, आहे तेच ठेव आणि पायाचा जोर वाढवायला मोठा बूस्टर लाव. पण बूस्टर कितीही मोठा लावला तरी तो इंजिनाच्याच जिवावर जगणार, आणि आपण नेमकं इंजिनच बंद करतो. एक ट्रकवाला म्हणाला, एक्झॉस्ट ब्रेक बसव, घाटात झकास चालतो. त्यालाही इंजिन चालू लागतं. मग तोच डोकं खाजवत म्हणाला, "अरे, मग इंजिन बंद करूच नका ना!" सगळ्यात सोपा उपाय तोच आहे आणि आपल्या वाडीत तो सांगायची कोणाची छाती नाही. माझीही नाही.

माझं मन हवेच्या ब्रेकवर आहे. नव्या ट्रकचे पुढचे-मागचे दोन्ही एक्सल भंगारात मिळतायत, ड्रमही रुंद आहेत. टाकीत हवा भरून ठेवायची, इंजिन बंद झालं तरी टाकीतली हवा उतार संपेपर्यंत पुरते. आणि समजा संपली, तर मागच्या चाकांवर जाड स्प्रिंग असते. हवा तिला दाबून धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि चाकं आपोआप आवळली जातात. म्हणजे बिघाड झालाच तर गाडी पळणार नाही, थांबेल. मला हे फार आवडलं. जुना ब्रेक दगा देताना गाडी सोडून देतो, हा दगा देतानाही धरून ठेवतो.

पण हवेच्या पेडलला पायाला फार काही जाणवत नाही. जुन्या पेडलला कसा खालून प्रतिसाद येतो, तो यात नाही. चालवणाऱ्याचा पाय हलका आणि जागा लागतो. पाय तुझा आहे. म्हणून विचारतो, तुला चालेल का? एका ओळीचं कार्ड टाक. "हो" एवढं लिहिलंस तरी पुरे.

सहदेव


मिरजोळे, १६ एप्रिल १९९९

भिकाजी,

जयंती झाली. गाडी ताडपत्रीखालीच होती. ब्रेकचं सामान आलं नाही असं मी मंडळाला सांगितलं. सामान शिमग्याच्या आधीच आलंय, शेडच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली पडलंय.

मिरवणुकीत मी होतो. माळनाक्यावर आलो तेव्हा टेम्पोवाल्याने आवाज आणखी वाढवला. तिथे गप्प व्हायचं असतं हे त्याला कोण सांगणार? काही म्हाताऱ्या बाया सवयीने गप्प झाल्या आणि एकमेकींकडे बघायला लागल्या. मी तिथूनच घरी आलो.

तुला वाटत असेल मी तुझी जागा दुसऱ्याला देईन. तसं करायचं असतं तर एव्हाना केलं असतं.

सहदेव


मिरजोळे, २८ नोव्हेंबर १९९९

भिकाजी,

आधीच सांगतो, मैनावर रागावू नकोस. तिने तुझी शपथ मोडली ती माझ्या शेडमध्ये, डोळे पुसत. तुला इथे रत्नागिरीत दवाखान्यात आणलंय आणि आम्हाला कळवायचं नाही असं तू तिला बजावलंस, हे तिने आधी सांगितलं. तुझ्या चप्पलेतून खिळा वर आला आणि तू त्याच्यावर दिवसभर चाललास, संध्याकाळी तिने रक्त बघितलं तेव्हा तुला कळलं, हे नंतर. डॉक्टर दोन बोटं काढायची म्हणतायत, हे सगळ्यात शेवटी.

मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, "लई दिवस झाले, भावजी. शुगर हाय. गाडी व्हती तवापासून पाय बधिर हाय. चप्पल पायातून गळून पडली तरी ह्येंना कळायचं नाय. कुनाला सांगू नको म्हनायचे. गाडी सुटली तर गळा पन सुटंल, असं म्हनायचे."

मग तिने जे सांगितलं ते मी अजून पचवू शकलेलो नाही. मी लायनर काढून घरी आणले त्या संध्याकाळी तू तिच्याजवळ बसून रडलास म्हणे. "दादानं वाचिवलं," असं म्हणालास. सत्त्याण्णव साली ते हातभर अंतर राहिलं ते ब्रेकमुळे नव्हतं. तुझा पाय पेडलवर आहे की बाजूला, हेच तुला कळलं नव्हतं. तेव्हापासून तू त्या उताराला घाबरून होतास. आई वर बसणार म्हटल्यावर तुझी झोप उडाली होती. नाही म्हणायची हिंमत होत नव्हती, आणि मी चाकं उघडून तुझी सुटका केली. दुसऱ्या दिवशी लोक जमल्यावर तू माझ्यावर ओरडलास, कारण गप्प राहिला असतास तर कोणी तरी विचारलं असतं, भिकाजी, तू कसा रे गप्प?

अरे वेड्या! आणि मी दीड वर्ष तुला पत्रातून ब्रेक शिकवतोय.

ब्रेक वाईट होते, ते वेगळं. उगाच फुशारून जाऊ नकोस. पण मी ब्रेकला घाबरलो होतो, तू पायाला घाबरला होतास, उतार तोच होता आणि आपण एका अंगणात राहत होतो. संध्याकाळी एका विडीवर बोललो असतो तर मिटलं असतं. पुढच्या वर्षी तू गाडी चालवणार नाहीस, मी चालवेन, तू शेजारी बसून गाशील, असं काहीतरी झालं असतं. आईला त्याच वर्षीसुद्धा ऐकवता आलं असतं, तिच्या ओट्यासमोर उभं राहून. गाडीच कशाला लागत होती? आपल्या दोघांच्याही डोक्यात ते आलं नाही.

आता माझं ऐक. मैना "तुमी येऊ नका" म्हणाली तरी मी दवाखान्यात आलो होतो. दारातून बघितलं. तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास, पट्टी बांधलेला पाय चादरीबाहेर होता. आत यायचं म्हणून मी चपला काढल्या. पुन्हा चपला घातल्या आणि परत आलो. तू जागा होतास की झोपेत, मला माहीत नाही. जागा असलास तर मला हाक का मारली नाहीस, असं विचारायचा मला हक्क नाही.

दादा


मिरजोळे, २० फेब्रुवारी २०००

भिकाजी,

बोटं गेली, जखम भरली, काठी घेऊन अंगणापर्यंत येतोस, एवढं मैनाच्या भावाकडून कळलं. तो इथे आंब्याच्या पेट्या बनवायच्या कामाला आलाय. तू गात नाहीस असंही तो म्हणाला. पायाचं दुखणं गळ्यात कसं गेलं ते मला समजत नाही. बोटांनी गात होतास काय?

गाडीचे ब्रेक झाले. हवेचे. कॉम्प्रेसर बसवला, दोन टाक्या चासीखाली टांगल्या, पुढचे-मागचे एक्सल बदलले. वाहतूक कार्यालयात पासिंगला नेली तेव्हा साहेबाने खाली वाकून सगळं बघितलं, मान हलवली, मग केबिनमध्ये डोकावला आणि विचारलं, "हे हँडल डावीकडे कशाला? तिकडे ड्रायव्हर बसत नाही."

त्याचंच सांगायला हे पत्र.

स्प्रिंगचा ब्रेक हाताच्या हँडलने चालतो. हँडल थोडं ओढलं तर थोडा लागतो, पूर्ण ओढलं तर गाडी जागच्या जागी. तो सगळे ड्रायव्हरच्या हाताशी ठेवतात. मी पाईप लांबवून डाव्या सीटजवळ नेलाय, खिडकीखाली. माझ्याकडे पायाचा ब्रेक आहेच, माझ्या चुका मी निस्तरीन. पण उतारावर इंजिन बंद झालं की गाडी किती हळू उतरायची आणि कुठे थांबायची, ते गाणाऱ्याने ठरवायचं. गाण्याचा दम कुठे संपतो ते त्यालाच माहीत. तुझे हात शाबूत आहेत ना? मग झालं.

मी साहेबाला सांगितलं, तिकडे माझा भाऊ बसतो. तो म्हणाला, भावावर फार विश्वास दिसतो. मी म्हटलं, हो.

रंगमंचावर माणसांच्या जागी जांभ्या दगडाचे चिरे रचून मिरजोळ्याच्या उतारावर पाच-सहा वेळा सोडून बघितली. डाव्या सीटवर शालनला बसवलं होतं. आधी डोळे मिटून मूर्तीसारखी बसली होती. मी म्हटलं, ओढ, तर तिने असं ओढलं की मागचे दोन चिरे घसरून पडले आणि माझं कपाळ काचेवर आपटलं. गाडी मात्र तसूभर पुढे सरकली नाही. शालन म्हणते, "मी नाय बाय तिथं बसायची. ती भिकाजीभावजींची जागा."

चौदा तारखेला ये. आदल्या दिवशी आलास तर उत्तम. माईक मी डाव्या दाराला बांधून ठेवतो.

तुझा दादा


मिरजोळे, १५ एप्रिल २०००

भिकाजी,

तू आला नाहीस.

गाडी काढली होती. धुतली, कमानीला रंग दिला, निळे झेंडे लावले. तीन वर्षांनी गाडी बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मारुती मंदिरापर्यंत मी दर थोड्या वेळाने मागे बघत होतो, कोणी रिक्षातून काठी टेकत उतरतंय का. मंडळाचा अध्यक्ष केबिनमध्ये चढायला लागला, मी म्हटलं, ही जागा भरलेली आहे. त्याने रिकाम्या सीटकडे बघितलं आणि खाली उतरला.

माळनाका आला. ताशेवाल्यांनी हात थांबवले. पुढच्या बाया चालता चालता थांबल्या आणि वळून गाडीकडे बघायला लागल्या. जनरेटरवाल्याने जनरेटर बंद केला. सगळी मिरवणूक माझ्या इंजिनाच्या बंद होण्याची वाट बघत होती. किल्लीवर माझा हात होता. टाकीचा काटा वर होता, ब्रेक घट्ट होते. असे ब्रेक त्या उताराने आजवर बघितले नसतील. इंजिन बंद करायला कसलीच भीती नव्हती, फक्त बंद केल्यावर जी शांतता होणार होती तिच्यात गायला कोणी नव्हतं.

मला पहिलं कडवं येतं, "चल गे माये, उजाडलं आता". पुढे काय? अण्णा तुला शिकवायचे तेव्हा मी जनरेटरची दोरी ओढत असायचो. मी तोंड उघडलं, खरंच उघडलं. माझा आवाज तुला ठाऊक आहे, पत्र्यावर कानस घासावी तसा. निघाला नाही.

मी इंजिन बंद केलं नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि घरघर करत उतरलो. बाया वळून पुढे चालायला लागल्या. कोणी मला काही बोललं नाही, आई बोलली नव्हती तसंच. जयस्तंभाला पोचल्यावर मी दार उघडून बराच वेळ खाली उतरलोच नाही. शालनने वर येऊन पाणी दिलं.

मी तुला दोष देत नाही. चारचौघांसमोर काठी घेऊन यायला तुला लाज वाटली असेल. एके काळी तू उडी मारून त्या केबिनमध्ये चढायचास, ते सगळ्यांनी बघितलंय. पण तुझ्याशिवाय ती गाडी म्हणजे एक फार सुरक्षित ट्रक आहे, बस. मला सुरक्षित ट्रक नको होता रे.

दादा


मंडणगड, २१ मे २०००

भिकाजी,

हे टपालात टाकलेलं नाही. मैना पाणी भरायला खाली आली होती, तिच्या हाती वर पाठवतोय.

इंजिनाचा आवाज तू ओळखलास, कारण आवाज आल्याबरोबर तुझ्या घराचं दार लागलं. मला खालून दिसलं. मी वर येत नाही. दवाखान्यात तुझ्या दारातून परत गेलो होतो, आता परत जायचं नाही म्हणून इथे रस्त्यावरच बसून लिहितोय.

गाडी एकट्याने आणली. तुमच्याकडचे घाट फार वाईट, पण गाडीने कुठेही त्रास दिला नाही. शालन मागच्या एस.टी.ने येतेय, माझ्याबरोबर बसायला तिने साफ नकार दिला. डाव्या दाराला मी खाली एक पायरी वेल्ड केली आहे, रुंद, आणि वर धरायला दांडा. काठी आत ठेवायला खोबणही आहे. हे दयेपोटी केलेलं नाही. माझेही गुडघे आता बोलतात.

इथे मिरवणूक नाही, मंडळ नाही, टाळ्या नाहीत. तुमच्या वाडीच्या चार बाया विहिरीवर आहेत, तेवढ्याच. तुझ्या घरापासून खालच्या पुलापर्यंत चांगला उतार आहे. एकदाच उतरू. आईला ऐकवायचं राहिलं ते राहिलं, त्याला आता इलाज नाही. मला मात्र दुसरं कडवं ऐकायचंय, आणि ते तुझ्याशिवाय कोणालाही येत नाही. तू गेलास तर ते गेलंच.

गाता आलं नाही तर नुसता बसून राहा. मी काही म्हणणार नाही.

इंजिन बंद केलंय. गाडी तुझ्या दाराखाली उतारावर उभी आहे, चाकाला दगडसुद्धा लावलेला नाही. सावकाश ये, काठी घेऊन ये. ब्रेक लागलेला आहे, तू बसून सोडेपर्यंत गाडी हलणार नाही.

दादा